हक्क घेऊन काढलेल्या कॉमिक मालिका: खपाचे आकडे कसे वाचायचे

नियमित नोंदणी असलेले, म्हणजे मालिकेचा प्रत्येक अंक आमच्या दुकानात आपल्या नावावर राखून ठेवायला सांगणारे ग्राहक आम्हाला किमतीपेक्षा एकच गोष्ट जास्त विचारतात: ‘मालिकेचा खप घसरतोय म्हणे. बंद पडणार का? नोंदणी ठेवू की काढून टाकू?’ ‘स्टार वॉर्स’, ‘ट्रान्सफॉर्मर्स’, ‘जी. आय. जो’, ‘सॉनिक’ या अमेरिकी मालिकांबाबत तर हमखास. यांतली पात्रं खेळण्याच्या, सिनेमाच्या किंवा व्हिडिओ गेमच्या कंपनीची असतात. प्रकाशक ठरावीक मुदतीसाठी हक्क घेऊन अंक काढतो. म्हणून त्यांच्या खपाचं गणित थोडं निराळं चालतं, आणि ते काउंटरवर दोन मिनिटांत सांगून होत नाही.

आकडा नक्की कशाचा?

खपाचा जो आकडा चर्चेत असतो, तो वाचकांनी घेतलेल्या प्रतींचा नसतो. दुकानांनी मागवलेल्या प्रतींचा असतो. १९७० च्या दशकात फिल स्यूलिंग यांनी अमेरिकेत कॉमिकच्या दुकानांना थेट माल देण्याची पद्धत रुजवली. त्यात दुकानदाराला जास्त सवलत मिळते, पण न खपलेला माल परत करता येत नाही. अंक दुकानात पोचला की प्रकाशकाच्या वहीत तो विकला गेला. पुढे तो खोक्यात पडून राहिला तरी आकड्यात फरक पडत नाही.

१९९७ नंतर बरीच वर्षं हा जवळजवळ सगळा माल डायमंड या एकाच वितरकाकडून जात असे. डायमंड दर महिन्याला यादी काढायचा, पण त्यात प्रती किती ते नसायचं. ‘बॅटमन’च्या मागणीला १०० धरून बाकी सगळ्यांचा निर्देशांक दिलेला असे. त्यावरून जॉन जॅक्सन मिलर यांचं ‘कॉमिक्रॉन’ आणि इतर अभ्यासक प्रतींचा अंदाज काढत.

यात फसगत कशी होते ते पाहा. समजा ‘बॅटमन’च्या १,००,००० प्रती गेल्या आणि तुमच्या मालिकेचा निर्देशांक १२ आहे, म्हणजे १२,००० प्रती. पुढच्या महिन्यात ‘बॅटमन’ची गाजलेली कथा सुरू झाली, मागणी १,२५,००० वर गेली. तुमच्या मालिकेच्या तेवढ्याच १२,००० प्रती गेल्या, तरी निर्देशांक उतरून ९.६ होतो. एक वाचक कमी झालेला नाही, आणि कागदावर मात्र घसरण.

आणखी एक. २००३ च्या सुरुवातीपर्यंत या याद्या आगाऊ मागणीवर बेतलेल्या होत्या, त्यानंतर प्रत्यक्ष पाठवलेल्या प्रतींवर. दोन्ही काळांचे आकडे एकाच आलेखात जोडून कोणी ‘वीस वर्षांचा कल’ दाखवत असेल, तर तो आलेख आम्ही तरी गंभीरपणे घेत नाही.

पहिला अंक आणि त्यानंतरचा उतार

जानेवारी २०१५ मध्ये ‘स्टार वॉर्स’ मार्व्हलकडे परत आली. पहिल्या अंकाच्या त्या महिन्यात अंदाजे ९ लाख ८५ हजार प्रती गेल्या. कित्येक वर्षांत एवढा आकडा कुठल्याच अंकाने पाहिला नव्हता. दुसरा अंक दीड लाखाच्या वर, म्हणजे पहिल्याच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास.

म्हणजे आठ लाख वाचक महिन्याभरात पळाले का? तेवढे वाचक मुळात नव्हतेच. पहिल्या अंकाला डझनावारी वेगवेगळी मुखपृष्ठं होती. संग्राहक एकाच अंकाच्या चार-पाच प्रती घेतात. काही मुखपृष्ठं अशी की दुकानदाराने साध्या २५ प्रती मागवल्या तरच एक मिळणार. मग त्या एकीसाठी तो २५ उचलतो. वर भेटखोक्यांत घालून पाठवण्यासाठी झालेली ठोक खरेदीही त्यात धरलेली. हे सगळं दुसऱ्या अंकाला नसतं. शिवाय दुकानदाराला मागणी पक्की करायची शेवटची तारीख साधारण तीन आठवडे आधी येते. दुसऱ्या अंकाचा आकडा ठरवताना पहिला अंक जेमतेम दुकानात पोचलेला असतो, त्यामुळे तो हात राखूनच मागवतो. वाचकांनी मालिका उचलली की नाही, हे पाचव्या-सहाव्या अंकाच्या आधी कळत नाही. आमच्या मते त्याआधीच्या आकड्यांवरून नोंदणीचा निर्णय घेऊच नये.

प्रकाशकांनाही हे ठाऊक आहे, म्हणून आकडा थकला की ते पुन्हा १ पासून मोजायला लागतात. २०१५ ची ‘स्टार वॉर्स’ २०१९ मध्ये ७५ व्या अंकावर थांबली, २०२० मध्ये नवा पहिला अंक आला, तीही २०२४ मध्ये ५० अंकांवर संपली. अशा मालिकेचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. दाते पाहू नका. दर वेळी दहाव्या-बाराव्या अंकाला आकडा कुठे टेकतो, ते पाहा. खरा कल तिथे सापडतो.

जुन्या अंकातलं बारीक टायपाचं पान

१९७० आणि ८० च्या दशकातले अंक जमवणाऱ्यांकडे याहून चांगला पुरावा असतो, आणि तो बहुतेक जण उलटून पुढे जातात. अमेरिकी टपाल खात्याच्या सवलतीच्या दरात अंक पाठवायचे, तर प्रकाशकाला वर्षातून एकदा मालकी आणि खपाचं निवेदन अंकात छापावं लागे. पत्रव्यवहाराच्या पानाजवळ ते सापडतं. दोन रकाने असतात: डावीकडे वर्षभराची सरासरी, उजवीकडे निवेदनाच्या तारखेजवळच्या एका अंकाचा प्रत्यक्ष आकडा. त्यात छापलेल्या प्रती, विक्रेत्यांमार्फत विक्री, वर्गणीदार, फुकट वाटप आणि विक्रेत्यांकडून परत आलेल्या प्रती अशा ओळी असतात. परतीची ओळ आधी वाचा. छापलेल्या निम्म्या प्रती परत आल्या असतील, तर छपाईच्या मोठ्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

खप चांगला, तरी मालिका बंद

साध्या मालिकेचं भवितव्य बहुतांशी खपावर ठरतं. हक्क घेतलेल्या मालिकेत हक्कमालकाचा वाटा आधी बाजूला निघतो, त्यामुळे तेवढ्याच खपात प्रकाशकाच्या हातात कमी उरतं. पण उलटही घडतं. १९८२ मध्ये ‘जी. आय. जो’ सुरू झाली तेव्हा हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने चक्क कॉमिकची टीव्हीवर जाहिरात केली. खेळण्यांच्या जाहिरातीत ॲनिमेशन किती वापरायचं यावर बंधनं होती, कॉमिकच्या जाहिरातीला ती लागू नव्हती. जाहिरात पुस्तकाची, फायदा खेळण्यांचा. असं पाठबळ असलेली मालिका नुसत्या आकड्यांनी मोजता येत नाही.

‘ट्रान्सफॉर्मर्स’ १९८४ मध्ये चार अंकांचीच ठरली होती. ती १९९१ पर्यंत ८० अंक चालली, आणि शेवटच्या अंकाच्या मुखपृष्ठावर ‘चार अंकी मर्यादित मालिकेतला ८० वा’ असं थट्टेने छापलं होतं.

बंद पडण्याचं कारण कित्येकदा खपाशी संबंधितच नसतं. डार्क हॉर्स हे प्रकाशनगृह १९९१ पासून ‘स्टार वॉर्स’चे अंक काढत होतं. डिस्नेने २००९ मध्ये मार्व्हल घेतलं, २०१२ मध्ये ‘स्टार वॉर्स’ची मालक कंपनी लुकासफिल्म घेतली, आणि मग आपल्याच घरचे हक्क बाहेर ठेवायला काही कारण उरलं नाही. ‘सॉनिक’ची आर्ची या प्रकाशकाकडची मालिका १९९३ पासून २०१७ पर्यंत २९० अंक चालून थांबली; २०१८ मध्ये तेच पात्र आयडीडब्ल्यू या दुसऱ्या प्रकाशकाकडून नव्या पहिल्या अंकासह परतलं.

जुने अंक घेताना

पहिला अंक म्हणजे दुर्मीळ, ही समजूत सोडा. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या अंकाच्या पुनर्मुद्रणांसह दहा लाखांवर प्रती गेल्या. मूळ किंमत ३० सेंट. मोजक्या ठिकाणी चाचणी म्हणून ३५ सेंट छापलेल्या प्रती विकल्या गेल्या, त्यांना आज भरपूर भाव आहे. पण काही पुनर्मुद्रणांवरही ३५ सेंटच आहेत, तेव्हा किंमत पाहून हुरळू नका. पुनर्मुद्रणाचा उल्लेख आधी शोधा. उलट मालिका संपत आलेली असते तेव्हा छपाई कमी होते. ‘स्टार वॉर्स’चा १०७ वा, ‘ट्रान्सफॉर्मर्स’चा ८० वा, ‘जी. आय. जो’चा १५५ वा अंक आपापल्या मालिकेतल्या मधल्या अंकांपेक्षा मिळायला कठीण जातात. संच पुरा करायचा असेल तर शेवटाकडून सुरुवात करा.

नोंदणीबद्दल

२०२० पासून मोठे प्रकाशक एकामागून एक डायमंड सोडून गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये डायमंडने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. सगळ्या बाजाराची एकच मासिक यादी आता नाही. त्यामुळे ‘अमुक मालिका इतक्या टक्क्यांनी घसरली’ असं कुठे वाचलंत, तर आकडा कोणत्या वितरकाचा आणि किती दुकानांचा, हे आधी विचारा.

आम्हीही अंक परत न करण्याच्या अटीवरच घेतो. नोंदणी काढायची असल्यास अंक यायच्या निदान चार आठवडे आधी कळवा. नंतर कळवल्यास त्या महिन्याचा अंक तुमच्या नावावर धरला जाईल. मालिका एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेली, तर नोंदणी आपोआप पुढे सरकत नाही. ‘जी. आय. जो’चा ३०० वा अंक आयडीडब्ल्यूने २०२२ मध्ये काढला, आणि ३०१ वा वर्षभराने इमेज या प्रकाशकाच्या स्कायबाउंड विभागाकडून आला. क्रमांक सलग, लेखक लॅरी हामा तेच. पण मागणीच्या यादीत मालिका नवी. अशा वेळी आम्ही फोन करतो. तुमचा होकार आल्याशिवाय पुढचा अंक मागवत नाही.