‘फट्’ झाल्यावर आधी झाकण उघडा

अमेरिकेतून आणलेलं १२० व्होल्टचं यंत्र आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावलं की बहुतेक वेळा ‘फट्’ असा आवाज येतो, करपट वास सुटतो आणि यंत्र गप्प होतं. पुष्कळ लोक तिथेच आशा सोडतात. भंगारात टाकण्याआधी त्याचं झाकण एकदा तरी उघडून बघावं, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

प्लग लावला त्या क्षणी कोणत्या भागातून वीज वाहत होती, हा पहिला प्रश्न. टोस्टरचंच बघा. दांडी खाली असेल तर सगळा भार थेट तापणाऱ्या तारेवर येतो. १२० व्होल्टवर ८०० वॅट घेणाऱ्या तारेचा रोध १८ ओहम असतो. तीच तार २३० व्होल्टवर सुमारे २,९०० वॅट खेचते. व्होल्टेज दुपटीपेक्षाही कमीच वाढलं, पण उष्णता पावणेचार पटींच्या आसपास गेली, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ब्रेड मेकरचं तसं नाही. त्याचा हीटर आणि मोटर रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) पलीकडे असतात आणि ‘स्टार्ट’ दाबेपर्यंत त्यांना वीज मिळत नाही. मार बसतो तो कायम जोडलेल्या सर्किट बोर्डाला. महागडे भाग पुष्कळदा धडधाकट राहतात.

बोर्डावर वीज आत येते तिथे, फ्यूजच्या लगेच पुढे, निळी किंवा पिवळी चकती दिसते. ती व्हॅरिस्टर, मुख्यतः झिंक ऑक्साइडची. ठरावीक व्होल्टेजपर्यंत ती वीज जवळजवळ जाऊच देत नाही, त्यापुढे मात्र वाट मोकळी करते. तिच्यावर २२१ असा आकडा असेल तर शेवटचा १ म्हणजे एक शून्य, म्हणून २२० व्होल्ट. १२० व्होल्टचा पुरवठा लहरींत वर-खाली होतो आणि त्याचं शिखर १७० व्होल्टचं असतं, त्यामुळे एरवी ती स्वस्थ असते. २३० व्होल्टचं शिखर ३२५ पर्यंत जातं. मग चकती फुटते, फ्यूज वितळतो आणि पुढचा बोर्ड वाचतो. तो ‘फट्’ आवाज पुष्कळदा या पहारेकऱ्याचाच असतो.

चकती नसेल तर घाव बोर्डावरच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर जातो. त्याच्या लोखंडी गाभ्यावर किती चुंबकत्वाचा भार येतो, हे व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती लहरी) यावर ठरतं. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर ते प्रमाण २ येतं, तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर ४.६. गाभा तृप्त झाला, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलेनासा झाला, की प्रवाहाला आवर घालणारं फारसं काही उरत नाही आणि तांब्याची गुंडाळी तापत जाते. पुष्कळ ट्रान्सफॉर्मरांत गुंडाळीच्या टेपखाली थर्मल फ्यूज (फार तापल्यावर वीज तोडणारा) दडवलेला असतो. तो एकदाच उडतो. तो वगळून तार जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गुंडाळीवरचं वार्निश करपलेलं असू शकतं आणि पुढच्या वेळी थांबवणारं कोणी नसेल. सरळ नवा ट्रान्सफॉर्मर बसवा.

काम सुरू करण्याआधी प्लग काढा आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवून ठेवणाऱ्या भागात) भार उरला नाही, याची मीटरने खात्री करा. मायक्रोवेव्ह मात्र घरी उघडूच नका. त्यातल्या कपॅसिटरवर सुमारे दोन हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही तो जीव घेऊ शकतो. बाकी यंत्रांत मल्टिमीटरने आधी फ्यूज, मग व्हॅरिस्टर, मग ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (वीज आत येते ती गुंडाळी) तपासा. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा हवा. लगेच उडाला म्हणून मोठा घालणं म्हणजे पुढची आग स्वतः लावणं. पुन्हा वीज देताना, योग्य व्होल्टेजवरच, मालिकेत, म्हणजे यंत्राकडे जाणाऱ्या तारेतच, एक फिलामेंटचा बल्ब जोडा. शॉर्ट उरला असेल तर बल्ब पूर्ण उजळेल आणि बोर्ड वाचेल.

दुरुस्त झालेलं यंत्र अजून १२० व्होल्टचंच आहे. २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बसवून बोर्ड चालेलही, पण हीटर तसाच पेटेल. हीटरला मालिकेत डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) लावण्याची युक्तीही फसवी आहे. त्याने शक्ती निम्मी होते खरी, पण पावणेचार पटींची निम्मी म्हणजे तरीही जवळजवळ दुप्पट. त्यामुळे पुरेशा वॅटचा स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर लागतोच. तो फ्रिक्वेन्सी बदलत नाही, हेही ध्यानात ठेवा. घड्याळ विजेच्या लहरी मोजून चालत असेल, तर ६० हर्ट्झसाठी बनवलेलं यंत्र ५० हर्ट्झवर दर तासाला दहा मिनिटं मागे पडेल. त्याचा ‘तीन तासांचा’ कार्यक्रम मग तीन तास छत्तीस मिनिटं चालेल.