सायकल-शववाहिका

सायकल-शववाहिका : मृतदेह दफनभूमीत किंवा दाहगृहात पायडल मारत नेण्याचे वाहन. ते बहुधा तीनचाकी असते. शवपेटी आडवी मावावी म्हणून त्याला सुमारे दोन मीटर लांबीचा सखल ओटा असतो. कधी तो चालवणाऱ्याच्या पुढे असतो, कधी मागे. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या मोजक्या शहरांत ते वापरले जाते. अंत्ययात्रा या शब्दातली यात्रा पायी चालण्याची आहे, आणि या वाहनाने ती चाल परत आणली, हे त्याचे खरे मोल.

शतकानुशतके शव माणसांच्या खांद्यावरून किंवा घोडागाडीतून गेले. घोडागाडीही मागच्या माणसांच्या पावलाने चाले. पुढे शहरे फुगली, दफनभूमी वेशीबाहेर गेल्या आणि अंतर पायांच्या आवाक्यात राहिले नाही. लंडनमध्ये १८५४ साली त्यासाठी स्वतंत्र रेल्वे सुरू झाली. वॉटर्लूजवळच्या खास स्थानकातून ती ब्रुकवुडच्या दफनभूमीपर्यंत, सुमारे ३७ किलोमीटर जाई. तिच्यात मृतांनाही पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग होते. आप्तांना परतीचे तिकीट मिळे, शवपेटीला एकेरी. १९४१ साली बाँबहल्ल्यात स्थानक उद्ध्वस्त झाले आणि ही सेवा थांबली. तोवर मोटारीची शववाहिका सगळीकडे रुळली होती. मोटारीने अंतराचा प्रश्न मिटवला, पण सोबत मोडली. जो तो आपापल्या गाडीत काचा वर करून बसतो, सिग्नलला ताटातूट होते आणि पोहोचल्यावर गाडी लावायला जागा शोधत फिरावे लागते. ब्रिटनमधले अंत्यविधी-व्यावसायिक जुन्या चालीची आठवण अजून जपतात : पारंपरिक पोशाखात, उंच टोपी घालून ते पहिले काही अंतर शववाहिकेपुढे पायी चालतात आणि मग गाडीत बसतात. सायकल-शववाहिकेमागे सगळी वाटच अशी चालत होते.

वाहनाच्या रचनेचे कोडेही या चालीशीच निगडित आहे. दुचाकी सायकल धावती असते तोवर तोल धरते. ताशी चार-पाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या पावलाने निघाली की ती डगमगू लागते. म्हणून तिसरे चाक लागते. प्रौढ माणसाचे शव आणि लाकडी पेटी यांचे वजन मिळून सहज शंभर किलोवर जाते, शिवाय गाडीचे वजन वेगळे. हा भार जमिनीला जितका जवळ, तितकी गाडी वळणावर स्थिर. वाळुंजाच्या फोकांची विणलेली पेटी भरीव लाकडाच्या पेटीपेक्षा हलकी असते, त्यामुळे अशा यात्रेला ती सोयीची पडते. पेटी पट्ट्यांनी आवळून बांधतात, कारण रस्त्यातल्या एका खड्ड्याने ती सरकली तर तो प्रसंग कुटुंब आयुष्यभर विसरणार नाही. चढ दमवतो, पण धोका उताराचा अधिक : भरलेली गाडी उतारावर आपणहून धावू पाहते आणि तेव्हा सगळी भिस्त ब्रेकवर असते. बॅटरीची जोड दिलेल्या सायकलींना युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे २५० वॉटपर्यंतची मोटर लावता येते आणि ताशी २५ किलोमीटरला तिची मदत बंद होते. या वेगाची इथे कधी गाठच पडत नाही. मोटर कामी येते ती गाडी जागची हलवताना आणि चढावर.

निघण्याचा क्षण जवळून पाहावा असा असतो. चालवणारा सर्वांत हलका गिअर टाकतो, एका पायावर अंगाचा सगळा भार देतो, साखळी ताणली जाते आणि क्षणभर काहीच हलत नाही. मग खडीवर चाके करकरतात आणि गाडी पुढे सरकते. इंजिनाची घरघर नसल्यामुळे मागून येणाऱ्यांना एकमेकांची पावले ऐकू येतात, कुणाचा हुंदका ऐकू येतो, कुणी हळू आवाजात काढलेली आठवण चार ओळी मागेपर्यंत पोहोचते. ओटा उघडा असेल तर चालता चालता पेटीवर हात ठेवता येतो. काचेआडच्या पेटीला असा हात लागत नाही, आणि मला तरी या वाहनातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या युजीन या सायकलप्रेमी शहरात एका अंत्यविधी-व्यावसायिकाने असे वाहन तयार करून घेतले. पॅरिसमध्ये २०२२ साली अशीच सेवा सुरू झाली. तिथे शववाहिकेला ‘कॉर्बियार’ आणि सायकलला ‘बिसिक्लेत’ म्हणतात. दोन्ही शब्द जोडून वाहनाचे नाव ‘कॉर्बिसिक्लेत’ पडले. ब्रिटनमध्ये २००२ साली पॉल सिंक्लेअर या धर्मोपदेशकाने मोटारसायकलच्या साइडकारमधून शवपेटी नेण्याचा व्यवसाय सुरू केला. आयुष्य मोटारसायकलवर काढलेल्या माणसाला शेवटी बंद मोटारीत का घालायचे, हा त्यामागचा साधा विचार.

सायकलस्वाराच्या बाबतीत हाच विचार अधिक मनाला भिडतो. त्याचे सोबती आपापल्या सायकली घेऊन मागून येऊ शकतात, चालवत किंवा हाताने ढकलत. अपघातात गेलेल्या सायकलस्वारासाठी अपघाताच्या जागी पांढरी रंगवलेली सायकल उभी करण्याची प्रथा २००३ साली मिझुरी राज्यातल्या सेंट लुइसमधून सुरू झाली आणि पुढे अनेक देशांत पोहोचली. ती सायकल जागची हलत नाही. जाणाऱ्यायेणाऱ्यांना ती इथे काय घडले ते सांगत राहते. शववाहिकेची सायकल मात्र गेलेल्याला त्याच्या ओळखीच्या चाकांवरून घेऊन जाते.

हसतखेळत किंवा रंगीबेरंगी निरोप देण्याची कल्पना मात्र सायकलीहून जुनी आहे. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय समाजात अंत्ययात्रेसोबत ब्रास बँड चालतो. दफनभूमीकडे जाताना चाल अगदी संथ, सूर स्तोत्रांचे, ढोलाचा आवाज दाबलेला. मृतदेहाचा निरोप घेतला की ढोल मोकळा होतो, कर्ण्यांचे सूर उसळतात आणि मागचा घोळका छत्र्या नाचवत, रुमाल फिरवत रस्त्यावर येतो. ज्या रुमालाने डोळे टिपले तोच रुमाल हवेत फिरतो. आधीचे संथ अंतर चालल्याशिवाय पुढच्या नाचाला अर्थ नाही, म्हणून ही प्रथा केवळ ‘आनंदी अंत्ययात्रा’ म्हणून सांगणे अपुरे ठरते.

घानामधील ‘गा’ समाजात मृताच्या धंद्याच्या किंवा प्रतिष्ठेच्या आकाराची शवपेटी घडवतात : कोळ्याला मासा, कोको पिकवणाऱ्याला कोकोची शेंग, कुणाला मोटार, कुणाला विमान. अक्राजवळच्या तेशी गावातील सेथ काने क्वेई आणि ला गावातील आता ओको हे सुतार या कलेचे आद्य कारागीर मानले जातात. १९८९ साली पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात या पेट्या मांडल्या गेल्या आणि जगाच्या नजरेत आल्या. घानातल्या चर्चमध्ये मात्र अशा पेटीला सहसा प्रवेश मिळत नाही; बायबलच्या आकाराची पेटी तेवढी चालते. याच देशातले नाचणारे खांदेकरी २०२०च्या महामारीत जगभरच्या फोनवर पोहोचले. मृताचे कुटुंब त्यांना आवर्जून, पैसे मोजून बोलावते. परक्या माणसांनी तेच दृश्य दुसऱ्याच्या फजितीच्या चित्रफितींना चिकटवले, आणि तिथे त्या दृश्याचा जीव गेला. आपल्या माणसाला हसून निरोप देणे त्याच्या घरच्यांच्या हाती आहे. परक्याच्या मरणावर हसणे ही वेगळी गोष्ट आहे.

रुमानियाच्या मारामुरेश प्रांतातील सपुन्त्सा गावची ‘आनंदी दफनभूमी’ या दृष्टीने फार शिकवून जाते. स्तान इओन पत्राश (१९०८–७७) या कारागिराने १९३५ पासून तिथे ओकच्या लाकडाचे निळे क्रूस कोरायला घेतले. प्रत्येकावर मृताच्या आयुष्यातले एखादे चित्र असते : कातणारी बाई, मेंढपाळ, पेला हातात घेतलेला गडी. खाली बोलीभाषेतली कविता, जणू मृत माणूस स्वतःच बोलतो आहे. दारूपायी गेलेला ते लपवत नाही, सासूला घाबरणारा जावई तेही सांगून टाकतो. त्याच रांगेत टॅक्सीखाली गेलेल्या एका चिमुरडीचा क्रूस आहे आणि त्यावरची कविता त्या टॅक्सीला शिव्याशाप देते. तोच निळा रंग, तीच यमके, आणि आत उसळता संताप. दफनभूमीचे नाव ऐकून गेलेला माणूस या क्रूसापाशी थबकतो.

ब्रिटिश विनोदकार ग्रॅहम चॅपमन यांच्या स्मरणसभेत, ३ डिसेंबर १९८९ रोजी, त्यांचे सहकारी जॉन क्लीझ यांनी भर सभेत शिवी दिली. सगळ्यांना हादरवण्याची ही संधी आपण सोडली असती तर ग्रॅहमने कधी माफ केले नसते, असे त्यांनी सांगितले. २०१९ साली आयर्लंडमध्ये वारलेल्या एका माणसाने मृत्यूपूर्वीच स्वतःचा आवाज मुद्रित करून ठेवला होता. पेटी खड्ड्यात उतरल्यावर आतून दार ठोठावल्याचा आणि ‘मला बाहेर काढा’ असा आवाज आला, आणि रडणारी माणसे हसू लागली. प्रिंगल्स वेफर्सच्या नळकांड्याचे जनक फ्रेड्रिक बाउर २००८ साली गेले. त्यांच्या अस्थींचा काही भाग, त्यांच्याच इच्छेप्रमाणे, तशाच नळकांड्यात पुरला गेला. या तिन्ही प्रसंगांत गंमत गेलेल्या माणसाच्या स्वभावातून आली आहे. जो कधी थट्टा करत नव्हता त्याच्यावर ती लादली, तर ती जमलेल्यांच्या अंगावर येते.

घरात यावरून मतभेद होतात, आणि ते रास्तही आहेत. एकाला सायकल हा वडिलांचा सन्मान वाटतो, दुसऱ्याला पोरखेळ. पुष्कळदा मधला मार्ग निघतो : प्रार्थना आणि धर्मविधी नेहमीच्या रीतीने, सायकल फक्त शेवटच्या किलोमीटरभर वाटेसाठी. इच्छा लेखी असेल तर निम्मा वाद मिटतो. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआ इथे २०१० साली सुरू झालेल्या मंडळात वयस्क मंडळी एकत्र जमून स्वतःच्या शवपेट्या स्वतः ठोकतात, रंगवतात, आत निजून मापही पाहतात. पेटीच्या रंगावरून त्यांची आपसांत चर्चा रंगते, चहा होतो, आणि तयार झालेली पेटी घरी नेली की ती लागेपर्यंत तिच्यात पांघरुणे ठेवता येतात.