धमनी आणि शीर: फरक दिशेचा आणि दाबाचा

धमनीतून शुद्ध रक्त वाहते आणि शिरेतून अशुद्ध, हे शाळेत पाठ केलेले वाक्य फुप्फुसांपाशी येऊन साफ चुकते. हृदयाच्या उजव्या जवनिकेतून, म्हणजे खालच्या कप्प्यातून, निघणारी फुप्फुसधमनी ऑक्सिजन कमी असलेले रक्त नेते, आणि तिथे ऑक्सिजन घेतलेले रक्त डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) आणून सोडतात त्या फुप्फुसशिराच. हृदयापासून दूर नेणारी ती धमनी आणि हृदयाकडे परत आणणारी ती शीर, एवढीच खरी व्याख्या आहे. रचनेतले बहुतेक फरक दाबामुळे पडले आहेत.

निरोगी प्रौढ माणसाच्या दंडातील धमनीत हा दाब प्रत्येक ठोक्याबरोबर सुमारे 120 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये 80च्या आसपास उतरतो. तो मारा सोसण्यासाठी धमनीच्या भिंतीचा मधला थर स्नायू आणि लवचीक तंतूंनी जाड झालेला असतो. फुप्फुसधमनीत दाब बराच कमी, म्हणून तिची भिंतही शरीराला रक्त पुरवणाऱ्या सर्वांत मोठ्या धमनीपेक्षा, म्हणजे महाधमनीपेक्षा, पातळ असते. मोठ्या धमन्या ठोक्यासरशी फुगतात आणि हृदय सैलावताच पूर्ववत होताना रक्त पुढे ढकलतात. शिरांमधला दाब मात्र हृदयाजवळ जवळजवळ शून्यावर येतो. त्यांची भिंत पातळ आणि पोकळी ऐसपैस असते, आणि विश्रांतीच्या वेळी शरीरातले सुमारे दोन तृतीयांश रक्त शिरांमध्येच असते, ही गोष्ट मला धमन्यांच्या ताकदीपेक्षाही विलक्षण वाटते.

एवढ्या कमी दाबावर पायातले रक्त वर चढते ते पोटरीच्या स्नायूंमुळे. ते आवळले की शिरा दाबल्या जातात, आणि आतल्या झडपा रक्ताला खाली परतू देत नाहीत. इंग्लिश वैद्य विल्यम हार्वे यांनी 1628 सालच्या ग्रंथात याचा साधा प्रयोग दाखवला आहे: दंडाला पट्टा बांधून हाताच्या फुगलेल्या शिरेवर एक बोट दाबून धरायचे आणि दुसऱ्या बोटाने रक्त वरच्या झडपेपलीकडे सारायचे; पहिले बोट उचलेपर्यंत मधला भाग रिकामाच राहतो.

धमन्यांतून रक्त शिरांत नेमके कसे पोहोचते, हे हार्वे यांना दिसले नव्हते. 1661 साली इटालियन वैद्य मार्चेल्लो माल्पिघी यांनी बेडकाच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्या, म्हणजे धमन्या आणि शिरांना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म नलिका, सूक्ष्मदर्शकातून पाहून ती उणीव भरून काढली. केशवाहिनीची भिंत पेशींच्या एकाच थराची असते आणि लाल पेशींना तिच्यातून एकामागोमाग एक, अंग चोरून जावे लागते. ऑक्सिजन आणि पोषकद्रव्यांची देवघेव मुख्यतः इथेच होते.

दाबाचा परिणाम बायपास शस्त्रक्रियेत, म्हणजे हृदयाच्या अडलेल्या धमनीला वळसा देऊन रक्ताला नवी वाट करून देण्याच्या शस्त्रक्रियेत, जवळून पाहायला मिळतो. पायातली लांब शीर काढून हृदयाच्या धमनीला जोडताना शल्यविशारद ती सहसा उलटी फिरवून बसवतात, कारण एरवी तिच्या झडपा रक्त अडवतील. धमनीचा दाब सोसता सोसता त्या शिरेची भिंत जाड होत जाते आणि काही वर्षांनी ती अरुंद होण्याचा धोका राहतो. म्हणूनच हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणाऱ्या मुख्य धमनीसाठी छातीच्या आतल्या बाजूची धमनी पसंत केली जाते, आणि ती सहसा शिरेपेक्षा अधिक वर्षे उघडी राहते.