वाळल्यावर दोन्ही पांढरंच: चुना आणि डिस्टेंपर

कापसाचा पहिला वेचा घरात आला की आमच्याकडे दोन दुकानांसमोर गर्दी होते. एक कपड्याचं, दुसरं रंगाचं. रंगाच्या दुकानात हमखास कानावर पडतं, "चुना द्या भाऊ, पण तो डब्यातला." डब्यातला म्हणजे डिस्टेंपर. याच्या उलटही होतं. कोरड्या डिस्टेंपरची पुडी नेणारा घरी जाऊन सांगतो, चुना आणला. यात त्या माणसाची फार चूक नाही. दोन्ही पाण्यात कालवायचे, दोन्ही कुंच्याने मारायचे, आणि वाळल्यावर भिंत तशीच: पांढरी, चमक नसलेली, पाठ टेकली तर सदऱ्याला लागेल अशी.

मीही दोन्ही एकच समजत होतो. आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडचं, जुनं, कवेलूचं म्हणजे कौलारू. पुढची सपरी, म्हणजे ओसरी, विटांची, पण विटा मातीत रचलेल्या. मागची खोली तर निव्वळ मातीची, दोन हात जाड. आबाजी होते तोवर दर दिवाळीला चुना व्हायचा. मग आपणही घर जरा नवं करावं म्हणून मी मागच्या खोलीला पिस्ता रंगाचा डिस्टेंपर मारून घेतला. दिवाळीत खोली अशी उजळली की पाहुणे आधी तिकडेच वळायचे. पुढच्या श्रावणात भिंतीला फोड आले. एकावर बोट दाबलं तर पापडासारखा पोपडा सुटला आणि त्याच्या मागे ओली माती. जिवतीचा कागद चिकटवला होता, तो तर काढताना आपल्यामागे वीतभर रंग घेऊनच निघाला.

ज्याच्याकडून रंग मारून घेतला होता तो पाहायला आला आणि म्हणाला, "मातीच्या भितीले रेनकोट घालून देल्ला नं तुमी. घाम कुठून जाईन तिचा?" हे त्याने आधी का सांगितलं नाही, ते विचारायचं राहूनच गेलं.

त्या रेनकोटात सगळा फरक आहे, पण तो समजायला थोडं मागे जावं लागतं.

गंमत अशी की दोन्हींतला पांढरेपणा एकाच पदार्थाचा असतो, कॅल्शियम कार्बोनेटचा. चुनखडीचा दगड म्हणजे तोच, फळ्यावरचा जुना खडू म्हणजेही तोच. आमच्या वणी-राजूर भागात चुनाभट्ट्या आहेत. तिथे हा दगड भाजतात. सुमारे 900 अंशांच्या आचेत दगडातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतो तो कळीचा चुना. त्यावर पाणी पडलं की तो खदखदतो, फुटतो आणि विरतो. हा विरलेला चुना भिंतीवर गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे चुना मारणं हे भिंतीवर दगडाचा अगदी पातळ थर जमवणंच आहे. त्याचे कण एकमेकांना आणि भिंतीला आपले आपण धरतात.

डिस्टेंपरमध्ये दगड आधीच दळलेला असतो. खडूची भुकटी, रंग, आणि हे सगळं भिंतीला धरून ठेवायला एक चिकट पदार्थ. जुन्या कोरड्या डिस्टेंपरमध्ये सरस किंवा दुधातलं केसीन असायचं. धुता येणाऱ्या डिस्टेंपरमध्ये तेल आलं. आता डब्यात मिळतो त्यात बहुतेक अॅक्रिलिक असतं, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा चिकट पदार्थ. भिंतीवर गेल्यावर तिथे काही नवं घडत नाही, पाणी उडतं आणि चिकट पदार्थ आवळून बसतो. चुना भिंतीत मुरतो, डिस्टेंपर भिंतीवर बसतो.

मातीची भिंत पावसाळाभर जमिनीतून ओल ओढते. चुन्याच्या थराला बारीक छिद्रं असतात, ओल त्यातून आरामात बाहेर पडते. अॅक्रिलिकच्या पापुद्र्याआड ती अडकते, त्याला मागून ढकलते, आणि मग पिस्ता रंगाचे पापड.

आता आपल्या घरात आधीच काय मारलेलं आहे, हे ओळखायचं कसं? सरकारी घरकुलात राहणाऱ्याला आठवत असतं, पण जुन्या घराच्या भिंतीवर कधी कोणी काय मारलं याचा हिशेब कोण ठेवतो. काही जण लिंबू पिळून बघा म्हणतात. फेस आला तर चुना. हे ऐकू नका. खडूवरही लिंबाचा फेस येतो आणि डिस्टेंपरमध्ये खडूच असतो. त्यापेक्षा ओंजळभर पाणी मारा. चुन्याची भिंत पाणी पिते, गडद होते आणि वाळली की पहिल्यासारखी होते. कोरडा डिस्टेंपर ओला होऊन बोटाखाली चिखलासारखा सरकतो. अॅक्रिलिकवरून पाणी आधी ओघळतं. तरी शंका असली तर खुरप्याच्या टोकाने खरवडा. भुगा पडला तर चुना, साल निघाली तर अॅक्रिलिक.

एवढा खटाटोप कशासाठी, तर यांचा एकमेकांवर जीव नाही. चुन्यावर थेट डिस्टेंपर मारला तर तो चुन्याच्या सैल भुकटीला चिकटतो, भिंतीला नाही, आणि सुटताना दोन्ही घेऊन सुटतो. आधी घासून, खरवडून, प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात, द्यावा लागतो. डिस्टेंपरवर चुना मारायचा तर चुन्याला मुरायला जागाच मिळत नाही. आणि चुना नीट धरावा म्हणून त्यात फेविकॉल ओतायची जी पद्धत पडली आहे, तिने तर सगळाच घोळ होतो. थोडा डिंक, तांदळाची पेज, मूठभर मीठ आपले जुने लोकही घालायचे, ते चालतं. पण बादलीत डबाभर फेविकॉल गेला की तो चुना राहत नाही, तुम्ही घरीच हलका डिस्टेंपर बनवलेला असतो. दुकानदाराने चुना लावला असं म्हणतो आपण. इथे आपणच आपल्याला लावतो.

चुना भिजवणं हे मात्र काम आहे आणि ते कमी लेखू नका. कळीचा चुना लोखंडी ड्रममध्ये भिजवायचा, प्लास्टिकच्या बादलीत नाही, कारण पाणी उकळ्या मारतं आणि बादली वितळते. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी, उलट नको. तोंड लांब ठेवायचं, पोरं आणि कोंबड्या त्याहून लांब. पानात चुना जरा जास्त झाला तर तोंड पोळतं. डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा हवा. उडालाच तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा. निदान एक रात्र भिजू द्यावा, जास्त दिवस मुरला तर उत्तमच. मग जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायचा आणि दुधाइतका पातळ करायचा.

भिंत आधी पाण्याने ओली करायची. पहिला हात मारला की वाटतं, यात चुना आहे की नुसतंच पाणी? भिंत तशीच मातकट दिसते. इथेच लोक घाबरून चुना घट्ट करतात, आणि घट्ट थर महिन्याभरात तडकतो. थांबा. सकाळी दार उघडलं की तीच भिंत रात्रीतून पांढरी झालेली असते. असे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक वाळल्यावर पुढचा. डिस्टेंपरला हे नखरे नाहीत. डबा उघडा, सांगितलं तेवढं पाणी घाला, मारा, संध्याकाळी दुसरा हात. वेळ नसेल आणि भिंत सिमेंटची असेल तर मी स्वतः डिस्टेंपरच घेईन.

रंगाच्या बाबतीत डिस्टेंपर पुढे आहे हे कबूल. कार्डावर बोट ठेवायचं, साधारण तीच छटा भिंतीवर येते. चुना जहाल असतो, तो बरेचसे रंग खाऊन टाकतो. त्यात मातीचे रंग टिकतात: गेरू, पिवळी माती. पुडीतली भुकटीची नीळही टिकते, बाटलीतली पातळ नीळ मात्र उन्हात लवकर उडते. रंगाचं प्रमाण चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आतच ठेवावं, नाहीतर थर कच्चा होतो. ओल्यात दिसतो त्याच्या कितीतरी फिका रंग वाळल्यावर उरतो, तेव्हा आधी कोपऱ्यात हातभर मारून बघा.

पण त्या तीन रंगांतच जुन्या घराची मजा आहे असं माझं मत. सपरीला जमिनीपासून दोन वीत गेरूचा पट्टा, वर पांढरं. हा पट्टा शोभेसाठी आहेच, शिवाय पागोळ्यांचा चिखल उडतो तो त्यात दिसत नाही. कोनाड्याच्या आत निळीचा चुना दोन हात, म्हणजे दिवा लावला की आतला उजेड वेगळाच दिसतो. दाराच्या चौकटीभोवती चार बोटं पिवळी माती. पूर्ण खोली रंगवण्यापेक्षा एवढ्यानेच घर बदलून जातं, खर्च नावालाच. डिस्टेंपरच्या भिंतीवर फुलांच्या नक्षीचा रबरी रोलर फिरवता येतो, चुन्यावर तो सरकतो आणि फूल पुसट येतं. चित्र, फोटो लावायचे तर चुन्यावर चिकटपट्टी टिकत नाही आणि डिस्टेंपरवर ती रंगासकट निघते, म्हणून दोन्हीकडे टांगणंच बरं. मातीच्या भिंतीत खिळा हलतो, लाकडी खुंटी ठोका.

घरकुलाचं प्लास्टर नवं असेल तर घाईने डिस्टेंपर मारू नका. सिमेंट आतून ओलं असतं, खार फुटतो आणि रंगावर पांढरे डाग येतात. निदान महिनाभर भिंत वाळू द्या. त्या दिवाळीपुरता चुना मारून वेळ भागवली तर पुढच्या वर्षी तो खरवडावा लागेल, एवढं लक्षात ठेवा. आणि बाहेरच्या भिंतीला डिस्टेंपर कधीच नाही, तो आतला रंग आहे, पावसाच्या माराला टिकत नाही. चुनाही दरवर्षी थोडा धुपतो, पण म्हणून तर तो दर दिवाळीला होतो. स्लॅबवर मात्र उन्हाळ्याच्या तोंडी चुन्याचे दोन हात द्याच, पांढऱ्या छतावरून ऊन बरंच परत फिरतं आणि खालची खोली कमी तापते.

मागच्या खोलीतला पिस्ता मी दोन सुट्ट्या घालवून खरवडला, माती उघडी पडली तिथे शेण-मातीने लिंपलं आणि परत चुना मारला. डिस्टेंपरचा उरलेला डबा वर्षभराने उघडला तेव्हा वर साय धरलेली होती आणि वास असा की माय म्हणाली, बाहेर ने आधी. चुना अर्धा ड्रम उरला होता. तो न्हाणीमागे झाकून ठेवला आहे, वर दोन बोटं पाणी राहील असा. पाण्याखाली हवा लागत नाही, म्हणून त्याचा दगड होत नाही. पुढच्या दिवाळीला तोच ढवळून घ्यायचा, तोवर लोण्यासारखा मऊ झालेला असेल.