फटके पडल्यावर मेंदूत काय होतं?

‘चार फटके पडले की पोपटासारखा बोलेल.’ चिपळूण असो की महाड, युद्धाच्या बातम्यांवर चर्चा रंगली की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. पुष्कळदा त्याच्याच घरात कुणी फौजेत असतो. फौजी आंबवडे याच पट्ट्यातलं गाव. पहिल्या महायुद्धात कोकणातून मराठा पलटणींत भरती झालेले तरुण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढले. 29 एप्रिल 1916 रोजी कूत इथे वेढ्यात अडकलेल्या सुमारे 13,000 सैनिकांनी तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. त्यांत मराठा पलटणीही होत्या. पुढे सक्तीच्या पायपिटीत आणि छावण्यांत हजारो मेले. युद्धकैद्याचे हाल आपल्याला परके नाहीत, तरी फटक्यांवरचा विश्वास काही हलत नाही.

त्याच इराकमधल्या अबू ग्रैब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाची छायाचित्रं एप्रिल 2004 मध्ये जगासमोर आली आणि अमेरिकेत वाद पेटला. एक बाजू कैद्यांच्या छळाला मनाई करणाऱ्या 1949 च्या जिनिव्हा कराराकडे बोट दाखवत होती. दुसरी विचारत होती, बाँब फुटायच्या आत माहिती काढायची तर दुसरा उपाय काय? (अबू ग्रैबमधला बराचसा छळ माहितीसाठी नव्हताच, तो निव्वळ विटंबनेसाठी होता, पण वादात हे कुणाला सोयीचं नव्हतं.) छळाने खरं बाहेर पडतं, हे मात्र गृहीतच धरलं गेलं होतं.

हे गृहीतकच कच्चं आहे. आठवणी साठवायला आणि पुन्हा वर काढायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लागतो, आणि त्यांचा क्रम लावायला, खरं-खोटं निवडायला कपाळामागचा भाग. तीव्र भीतीत कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि नेमके हेच दोन भाग नीट काम करेनासे होतात. त्यात झोप तोडली की आणखी पंचाईत: जागरणाने थकलेला माणूस सुचवलेली गोष्ट स्वतःचीच आठवण म्हणून सांगू लागतो. म्हणजे चौकशी करणाऱ्याला जी आठवण हवी, तीच तो स्वतः आधी मोडून ठेवतो.

अमेरिकी लष्कराच्याच प्रशिक्षणात याचा पुरावा मिळाला. शत्रूच्या हाती सापडल्यावर कसं तगायचं हे शिकवणाऱ्या खोट्या युद्धकैदी छावणीत चार्ल्स मॉर्गन या मानसोपचारतज्ज्ञाने 500 हून अधिक सैनिकांचा अभ्यास केला. तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. सैनिकांची उपासमार, जागरण, मग चौकशी. एक चौकशी धक्काबुक्कीची, दुसरी सौम्य. छावणीतून सुटल्यावर दिवसभराने माणसांची रांग उभी करून विचारलं, तुमची चौकशी करणारा यातला कोण? सौम्य चौकशीवाल्याला सुमारे 62 टक्क्यांनी ओळखलं, धक्काबुक्कीवाल्याला जेमतेम 30 टक्क्यांनी. अर्धा तास समोर उभं राहून आपल्यावर ओरडणारा चेहरा! आणि हे सगळे धडधाकट, प्रशिक्षित जवान होते. आपला जीव जाणार नाही हेही त्यांना ठाऊक होतं.

याची किंमत किती मोठी असू शकते, ते अमेरिकेने इजिप्तकडे सोपवलेल्या अल-लिबी नावाच्या कैद्याच्या प्रकरणात दिसलं. इजिप्तमध्ये झालेल्या चौकशीत त्याने सांगितलं की इराकने अल-कायदाला रासायनिक शस्त्रांचं प्रशिक्षण दिलं. फेब्रुवारी 2003 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत हाच दावा मांडला, पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू झालं. 2004 मध्ये अल-लिबीने सगळं मागे घेतलं: मार थांबावा म्हणून बोललो.

उलट दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाचा हान्स शार्फ पाडलेल्या विमानांच्या वैमानिकांना जंगलात फिरायला नेई, गप्पा मारी, आणि आपल्याला सगळं आधीच माहीत आहे असं दाखवी. समोरचा नकळत उरलेलं सांगून जाई. ही पद्धत आज मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत तपासली जाते.

पण ‘छळ चालत नाही’ एवढ्यावरच विसंबण्यात धोका आहे. उद्या कुणी चालणारी पद्धत शोधली तर? तिथे मेंदूविज्ञान गप्प बसतं, कायद्याला बोलावं लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने 1997 मध्ये सही केली. त्यासाठी आणलेलं विधेयक 2010 मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत प्रवर समितीकडे गेलं, पण त्याचा कायदा काही झालाच नाही.