पोर्तुगालचा पहिल्या महायुद्धातील प्रवेश

ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात युद्ध पेटल्यानंतर पोर्तुगाल सुमारे एकोणीस महिने त्याबाहेर राहिला. ९ मार्च १९१६ रोजी जर्मनीने त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारले आणि तो दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढाईत उतरला. तात्कालिक कारण जहाजांचे होते. पोर्तुगीज बंदरांत आसऱ्याला थांबलेली जर्मन व्यापारी जहाजे पोर्तुगालने फेब्रुवारी १९१६ मध्ये ताब्यात घेतली होती. मात्र त्याआधीच आफ्रिकेतील वसाहतींच्या सीमेवर रक्त सांडले होते, लंडनहून पत्रे येत होती, देशात गव्हाची टंचाई होती आणि लिस्बनमध्ये युद्ध हवे असणारा एक प्रबळ राजकीय गटही होता. तटस्थ देश महायुद्धात कसा ओढला जातो, याचा अभ्यास करताना बेल्जियमवरील आक्रमणाचे उदाहरण नेहमी दिले जाते. पण तिथे शत्रू थेट सीमा ओलांडून आला होता. पोर्तुगालच्या बाबतीत तटस्थता थोडीथोडी झिजत गेली, म्हणून हे उदाहरण अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे.

कायदेशीर चौकट

तटस्थ राष्ट्रांचे हक्क आणि कर्तव्ये १९०७ च्या हेग करारांत नोंदवली गेली होती. तटस्थ देशाच्या भूमीवरून युद्धखोरांना, म्हणजे युद्धात उतरलेल्या राष्ट्रांना, सैन्य नेता येत नाही. त्यांच्या युद्धनौकांना त्याच्या बंदरात साधारणपणे २४ तासांपेक्षा जास्त थांबता येत नाही. तटस्थ सरकारने दोन्ही बाजूंना सारखी वागणूक द्यायची असते. व्यापारी जहाजांना मात्र मुक्कामाची अशी मुदत नव्हती. त्यामुळे युद्ध सुरू होताच ब्रिटिश आरमाराच्या भीतीने जगभरातील जर्मन व्यापारी जहाजे जवळच्या तटस्थ बंदरांत शिरली आणि तिथेच अडकून पडली. लिस्बन, अझोर्स, मदेरा, केप व्हर्दे, अंगोला, मोझांबिक आणि गोव्यातील मुरगाव, इतक्या ठिकाणी पोर्तुगालची बंदरे विखुरलेली होती. साहजिकच त्याच्याकडे आलेल्या जहाजांची संख्याही मोठी होती.

‘ना तटस्थ, ना युद्धखोर’

पोर्तुगाल आणि इंग्लंड यांचा मैत्रीकरार १३७३ चा, आणि १३८६ च्या विंडसर तहाने तो आणखी पक्का झाला. इतक्या जुन्या मैत्रीत विश्वास मात्र एकतर्फी होता. १८९८ मध्ये ब्रिटन आणि जर्मनी यांनी गुप्त करार केला होता. पोर्तुगालला कर्ज फेडता आले नाही, तर त्याच्या आफ्रिकी वसाहती कोणी कुठल्या घ्यायच्या, हे त्यात ठरले होते. युद्धाच्या आदल्या वर्षी, १९१३ मध्ये, हीच बोलणी पुन्हा झाली. लिस्बनला याची कुणकुण होती. ज्याच्या आधारावर वसाहती टिकवायच्या, तोच त्या वाटून घ्यायला बसलेला आहे, ही जाणीव पोर्तुगीज धोरणाच्या मुळाशी आहे. ती लक्षात घेतली नाही तर पुढचे काहीच समजत नाही.

त्यातच देशातील प्रजासत्ताक अगदी कोवळे होते. ५ ऑक्टोबर १९१० रोजी राजेशाही उलथून ते आले होते. शेजारी स्पेनमध्ये राजा होता आणि त्याच्या मनसुब्यांची धास्ती होती. युरोपातील दरबारांत या प्रजासत्ताकाकडे संशयानेच पाहिले जात असे.

ऑगस्ट १९१४ च्या सुरुवातीला ब्रिटनने लिस्बनला सुचवले की, पोर्तुगालने युद्धात उतरू नये, पण तटस्थताही जाहीर करू नये. ७ ऑगस्टला पंतप्रधान बर्नार्दिनो माशादो यांनी संसदेत इंग्लंडशी असलेल्या मैत्रीला देश बांधील असल्याचे सांगितले आणि तटस्थता हा शब्द टाळला. पोर्तुगालची स्थिती ‘ना तटस्थ, ना युद्धखोर’ अशी होऊन बसली. ब्रिटनच्या सोयीचे हे होते. गरज पडेल तेव्हा बंदरे आणि सवलती मिळणार होत्या, आणि बदल्यात पोर्तुगालच्या संरक्षणाची जबाबदारी वाढत नव्हती. पोर्तुगालला मात्र तटस्थतेचे कवच पूर्ण मिळाले नाही आणि मित्रत्वाचा मोबदलाही मिळाला नाही. ऑक्टोबरमध्ये फ्रान्सला तोफा हव्या होत्या म्हणून ब्रिटनने पोर्तुगालला तटस्थता सोडण्याची सूचना केली. २३ नोव्हेंबर १९१४ रोजी पोर्तुगीज संसदेने तशी परवानगीही दिली. पुढे लंडनचा उत्साह मावळला आणि प्रकरण तिथेच थांबले.

आफ्रिकेतील युद्ध

युरोपात शांतता असताना आफ्रिकेत पोर्तुगीज सैनिक मरत होते. ऑगस्ट १९१४ च्या अखेरीस जर्मन पूर्व आफ्रिकेतील तुकडीने रोवुमा नदी ओलांडून मोझांबिकमधील माझियुआ येथील ठाण्यावर हल्ला केला. दक्षिण अंगोलात प्रकरण जास्त चिघळले. ऑक्टोबरमध्ये जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतून (आजचा नामिबिया) शुल्त्से-येना नावाचा जिल्हाधिकारी काही सोबत्यांसह कुनेने नदी ओलांडून आला. नौलिला येथील पोर्तुगीज ठाण्यात बोलणी करताना दुभाष्याच्या चुकीने गैरसमज वाढत गेला आणि तो अधिकारी व त्याचे दोन साथीदार मारले गेले. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी क्वांगार आणि इतर ठाण्यांवर हल्ले केले. १८ डिसेंबर १९१४ रोजी जर्मन अधिकारी फ्रांके याच्या नेतृत्वाखालील फौजेने नौलिला येथे पोर्तुगीजांचा पराभव केला. पोर्तुगीज मागे हटताच क्वान्यामा राजा मांदुमे याच्या प्रजेसह त्या भागातील अनेक जमातींनी उठाव केला. तो दडपायला १९१५ मध्ये जनरल पेरैरा दे एसा यांना लिस्बनहून मोठी मोहीम न्यावी लागली. युद्ध जाहीर झाले नव्हते, तरी अंगोलातील गावांसाठी युद्ध केव्हाच सुरू झाले होते. तटस्थतेचा इतिहास केवळ परराष्ट्र खात्यांच्या दप्तरांतून लिहिला तर ही माणसे त्यात कुठेच दिसत नाहीत.

नौलिलाच्या प्रकरणाला नंतर कायद्याच्या इतिहासात मोठे स्थान मिळाले. जर्मनीने शांततेच्या तहानुसार भरपाई द्यायची होती ती पोर्तुगाल युद्धात उतरण्याआधीच्या कृत्यांबद्दल. त्यामुळे पोर्तुगालची तटस्थता नेमकी कधी संपली, हा प्रश्न पैशाचाही झाला. ३१ जुलै १९२८ रोजी लवादाने निर्णय दिला. मूळ घटना गैरसमजातून घडली होती, आधी दाद मागितली गेली नव्हती आणि प्रत्युत्तर अपराधाच्या मानाने भलतेच मोठे होते, म्हणून जर्मनीची कारवाई बेकायदेशीर ठरली. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत प्रत्युत्तराच्या कारवाईचे निकष शिकवताना हा निवाडा आजही दिला जातो.

जहाजांची जप्ती

१९१५ मध्ये देशाच्या राजकारणाने दोन वळणे घेतली. जानेवारीत सत्तेवर आलेल्या जनरल पिमेंता दे कास्त्रो यांना युद्धात उतरायचे नव्हते. १४ मे रोजी लिस्बनमध्ये उठाव होऊन त्यांचे सरकार गेले आणि युद्धवादी लोकशाही पक्षाचा जोर वाढला. नोव्हेंबरमध्ये अफोन्सो कोस्ता पंतप्रधान झाले. त्यांच्या गटाचे म्हणणे असे की, विजेत्यांच्या मेजावर खुर्ची मिळाली तरच वसाहती राहतील आणि प्रजासत्ताकाला युरोपात मान मिळेल. ब्रितो कामाशो यांच्यासारख्या दुसऱ्या प्रजासत्ताकवादी नेत्यांचा मात्र युरोपात सैन्य पाठवण्याला विरोध होता. सर्वसामान्य शेतकऱ्याला युद्धाची आघाडी असलेला फ्लँडर्स कुठे आहे हेही ठाऊक नव्हते.

याच सुमारास जर्मन पाणबुड्यांमुळे ब्रिटनला जहाजांची तीव्र चणचण भासू लागली. पोर्तुगालचीही परिस्थिती बिकट होती. कोळसा ब्रिटनहून येई, गहू बाहेरून आणावा लागे, आणि मालवाहतुकीचे दर आभाळाला भिडले होते. इकडे तेजो नदीच्या मुखाशी जर्मन जहाजे रिकामी उभी होती. ती घ्यावीत अशी बोलणी आधीच सुरू होती. फेब्रुवारी १९१६ मध्ये ब्रिटनने जुन्या मैत्रीच्या नावाने औपचारिक विनंती केली. लिस्बनला हेच हवे होते. ब्रिटनच्या मागणीवरून युद्धात उतरलो असे म्हणता येणार होते, म्हणजे नंतर ब्रिटनला हात झटकता येणार नव्हते.

२३ फेब्रुवारी १९१६ रोजी लियोते दो रेगो यांच्या हाताखालील नौसैनिक लिस्बनमधील जर्मन जहाजांवर चढले आणि पोर्तुगीज निशाण लावले. पाठोपाठ इतर बंदरांतील जहाजेही ताब्यात घेतली गेली. साऱ्या बंदरांतील मिळून ही सत्तरच्या आसपास होती आणि त्यातली जवळपास निम्मी एकट्या लिस्बनमध्ये होती. मुरगावात थांबलेली जहाजेही यातून सुटली नाहीत. राष्ट्राची निकड असेल तर बंदरातील परकी जहाजे भरपाई देऊन वापरता येतात, या जुन्या हक्काचा आधार पोर्तुगालने घेतला. जर्मनीचे म्हणणे होते की, दोन्ही देशांतील व्यापारी करारानुसार भरपाईची बोलणी आधी व्हायला हवी होती. ९ मार्चला जर्मन राजदूत फ्रीड्रिश रोझेन यांनी युद्धाची घोषणा असलेला खलिता दिला. त्यात पोर्तुगालच्या तटस्थताभंगाचे पाढे वाचलेले होते आणि पोर्तुगीज सरकार स्वतःला इंग्लंडचे मांडलिक समजते, असा स्पष्ट आरोप होता. १५ मार्चला ऑस्ट्रिया-हंगेरीनेही युद्ध पुकारले.

घेतलेल्या जहाजांना पोर्तुगीज नावे मिळाली. त्यांतली बहुतेक ब्रिटनला भाड्याने दिली गेली आणि थोडीच पोर्तुगालच्या स्वतःच्या वाहतुकीला उरली.

युद्धातील वाटा

युद्ध जाहीर होताच अंतोनियो जोझे दे आल्मेदा यांच्या नेतृत्वाखाली ‘पवित्र एकजूट’ म्हणून ओळखले जाणारे संयुक्त सरकार आले. कामाशो यांचा पक्ष त्यात सामील झाला नाही. सैन्य उभारण्याचे काम युद्धमंत्री नॉर्टन दे मातोस यांनी केले. गोव्याशी त्यांचा जुना संबंध होता. १८९८ मध्ये ते तिकडे गेले होते आणि जमीन मोजणी खात्याचा कारभार त्यांनी अनेक वर्षे पाहिला होता. तांकोसच्या छावणीत घाईघाईने तयार केलेले सैन्य जानेवारी १९१७ पासून फ्रान्सला जाऊ लागले. पुढे ही संख्या सुमारे ५५,००० वर पोहोचली.

देशात या युद्धाला मनापासून पाठिंबा फारसा नव्हता. मे १९१७ मध्ये लिस्बनमध्ये अन्नासाठी दंगली झाल्या. डिसेंबरमध्ये सिदोनियो पाइस यांनी बंड करून सत्ता घेतली. युद्ध जाहीर होईपर्यंत बर्लिनमध्ये पोर्तुगालचे राजदूत म्हणून बसलेले हेच गृहस्थ. त्यांच्या काळात आघाडीवरच्या सैन्याकडे दुर्लक्ष झाले. रजेवर गेलेले अनेक अधिकारी परतले नाहीत. सैनिकांची अदलाबदल करायला जहाजे मिळेनात, कारण ब्रिटनला ती अमेरिकी फौजा आणण्यासाठी हवी होती. ज्या देशाने जहाजे देऊन युद्ध ओढवून घेतले, त्याच्याच शिपायांना घरी आणायला जहाज नव्हते. या साऱ्या हकिकतीतला हा सर्वांत मोठा अन्याय म्हणावा लागेल. ९ एप्रिल १९१८ रोजी लीसच्या लढाईत जर्मन हल्ला आला तो थकलेल्या दुसऱ्या पोर्तुगीज डिव्हिजनवर, आणि तिची सुटका त्याच सुमारास व्हायची होती. काही तासांत सुमारे ४०० जण ठार झाले आणि साडेसहा हजारांच्या आसपास कैद झाले.

मोझांबिकमध्येही युद्ध महाग पडले. एप्रिल १९१६ मध्ये पोर्तुगीजांनी जर्मनांकडचा किओंगाचा छोटा त्रिकोणी प्रदेश घेतला. पण नोव्हेंबर १९१७ मध्ये जर्मन सेनापती लेटो-फोरबेक रोवुमा ओलांडून नेगोमानो येथे आला आणि पुढे अनेक महिने वसाहतीत हिंडत राहिला. पोर्तुगालचे सात हजारांहून अधिक सैनिक या युद्धात मेले. त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेत आणि तेही रोगराईने. सक्तीने नेलेल्या आफ्रिकी हमालांची नोंद कोणी नीट ठेवली नाही.

शांतता परिषदेत पोर्तुगालच्या हाती प्रदेश म्हणून आला तो एवढा किओंगा. वसाहती टिकल्या. प्रजासत्ताक मात्र टिकले नाही. लीसच्या लढाईतील त्या डिव्हिजनचे सेनापती गोमेस दा कोस्ता यांनीच २८ मे १९२६ च्या लष्करी बंडाचे नेतृत्व केले.

दुसऱ्या महायुद्धातील तुलना

१९३९ मध्ये पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांनी लगेच तटस्थता जाहीर केली. परीक्षा पुन्हा बंदरांतच झाली. एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स ही जर्मन आणि आन्फोरा हे इटालियन जहाज मुरगावला थांबले होते. एरेनफेल्सवरून पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या दलांतील काही उतारवयाचे स्वयंसेवक ‘फीबी’ नावाच्या साध्या बार्जमधून येऊन एरेनफेल्सवर चढले. जहाज पेटले आणि बुडाले. उरलेल्या तिन्ही जहाजांच्या खलाशांनी आपली जहाजे स्वतःच बुडवली. ब्रिटनने ही मोहीम अनेक दशके गुप्त ठेवली आणि पोर्तुगालची तटस्थता कागदोपत्री शाबूत राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुरगावातच ग्रिप्सहोल्म आणि तेइया मारू या जहाजांवरून अमेरिका व जपान यांनी एकमेकांच्या नागरिकांची अदलाबदल केली. तटस्थ बंदराचा असाही उपयोग झाला. आग्नेय आशियातील पोर्तुगीज वसाहत तिमोरचे नशीब वेगळे होते. डिसेंबर १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन व डच सैन्य लिस्बनची संमती न घेता तिथे उतरले, फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी आले, आणि पुढच्या तीन वर्षांत हजारो तिमोरी लोक मेले.

ऑक्टोबर १९४३ मध्ये सालाझार यांनी अझोर्समधील तळ ब्रिटनला दिले आणि त्यासाठी १३७३ च्याच कराराचा हवाला दिला. व्यापारी जहाजे ताब्यात घेण्यापेक्षा जर्मनीच्या शत्रूला लष्करी तळ देणे हा तटस्थतेचा कितीतरी मोठा भंग होता. तरी जर्मनीने या वेळी निषेधावरच भागवले. पोलादासाठी लागणारे टंगस्टन तिला पोर्तुगालच्या खाणींतून मिळत होते, आणि आयबेरियात नवी आघाडी उघडण्याचे बळ तिच्यात उरले नव्हते.