कवटीतली दारू: चुकलेल्या भाषांतराची गोष्ट

फॅन्टसी गेममधला ऑर्क, म्हणजे राक्षसी योद्धा, म्हटला की हातात शत्रूची कवटी आणि कवटीत दारू, हे ठरलेलंच. ‘व्हायकिंग, म्हणजे स्कँडिनेव्हियाचे जुने दर्यावर्दी लढवय्ये, असेच प्यायचे, तिथूनच हे आलं,’ असंही ठासून सांगितलं जातं. ते खरं नाही.

‘क्राकुमाल’ या जुन्या नॉर्स (व्हायकिंगांच्या भाषेतल्या) काव्यात सापांच्या खड्ड्यात मरणारा दंतकथेतला वीर रॅग्नार म्हणतो, लवकरच ओडिन या प्रमुख देवाच्या महालात ‘कवट्यांच्या वाकड्या झाडांतून’ बिअर पिऊ. कवटीवर उगवलेलं वाकडं झाड म्हणजे काय? जनावराचं शिंग! नॉर्स कवी वस्तूचं नाव न घेता असं कोडं घालत. १६३६ साली डॅनिश विद्वान ओले वर्म यांच्या ग्रंथात या ओळीचं लॅटिन भाषांतर छापलं गेलं ते ‘मारलेल्यांच्या कवट्यांतून’ असं, आणि कवटीतल्या दारूचा समज तिथून पसरला. इतकी देखणी प्रतिमा, तिची पार माती झाली, याचं मला फार वाईट वाटतं.

पेला उंचावताना स्कँडिनेव्हियात म्हणतात तो ‘स्कोल’ही कवटीचा नव्हे; त्याचा अर्थ वाडगा.

शिंगाचा पेला मात्र अगदी खरा. टोकाशी निमुळता, त्यामुळे भरलेला खाली ठेवता येत नाही. संपवायचा, नाहीतर शेजारच्याच्या हातात द्यायचा. आपल्या ऑर्कच्या हाती तोच द्या.